मिस्त्री आणि माएस्त्रो

आमच्या बीएडच्या बॅचचा एक ग्रुप आहे. सकाळी सुविचार, दुपारी बदल्यांच्या याद्या, रात्री विनोद, असा त्याचा दिनक्रम. मागच्या महिन्यात तिथे एका सरांनी व्हिडिओ टाकला. इटलीतल्या एका कार्यशाळेत जुन्या मोटारीचे इंजिन खोलून स्टँडवर बसवले आहे. सत्तरीतला एक माणूस एप्रन बांधून एकेक भाग उचलतो, पुसतो, उजेडात धरतो, मोजतो आणि वहीत लिहितो. मागे हळू आवाजात व्हायोलिन. सरांनी खाली लिहिले होते, “याला म्हणतात साधना. आपल्याकडे हाताच्या कामाला ही प्रतिष्ठा कधी मिळणार?” मी अंगठा दिला. मनापासून दिला.

चौथ्या दिवशी त्याच सरांनी पंक्चरचा विनोद टाकला. कोणता ते सांगत बसत नाही, तुम्हालाही तो कधी ना कधी आलेला आहे. विशिष्ट नावाचा मुलगा, घरात डझनभर भावंडे आणि रस्त्याकडेचे पंक्चरचे दुकान. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत आमच्या घरी ईदला शीरखुर्मा खाऊन गेलेली माणसे होती.

या विनोदाची आम्हाला सवय आहे. आता तो व्यासपीठांवरूनही येतो. नुसत्या त्याच्यावर मी लिहिले नसते. लिहितो आहे ते आधीच्या व्हिडिओमुळे. कारण त्यातली गाडी होती चिसितालिया २०२, आणि तिच्या इंजिनाला मी ओळखतो. माझ्या मामूंनी कुर्ल्याच्या एका गल्लीत उभे आयुष्य त्याच घराण्याची इंजिने खोलण्यात आणि बांधण्यात घालवले.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही, आकडे देतो. फियाट कंपनीने १९३७ साली ५०८ सी नावाची गाडी काढली. तिच्यामागचा अभियंता दांते जाकोसा. इंजिन चार सिलिंडरचे, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. खाली बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचे हेड, क्रँकला तीन ठिकाणी आधार. साध्या माणसाच्या साध्या गाडीचे इंजिन, शक्ती ३२ अश्वशक्ती. महायुद्ध संपल्यावर तुरिनच्या पिएरो दुसिओ या उद्योजकाने चिसितालिया नावाने स्पोर्ट्स गाड्या बांधायला घेतल्या, तेव्हा उद्ध्वस्त देशात नवे इंजिन कुठून आणणार? त्याने हेच फियाट ११०० चे इंजिन घेतले, त्यावर काम करून ते पन्नास अश्वशक्तीच्या पुढे नेले आणि त्यावर पिनिनफारिनाने घडवलेली बॉडी चढवली. अशा २०२ गाड्या दोनशेच्या आतच बनल्या. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझिओ नुवोलारी, वय ५४, प्रकृती ढासळलेली, हीच छोटी गाडी घेऊन उतरला आणि तिच्याहून कितीतरी मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना मागे टाकत दुसरा आला. पावसाचे पाणी इग्निशनमध्ये शिरले नसते तर कदाचित पहिला आला असता. पुढे १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात २०२ होती. आज ती त्या संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात आहे.

आता कुर्ला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटशी करार करून इथे फियाट ११०० बांधली. तिची पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, मग प्रीमियर पद्मिनी. काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती हीच. तिचे इंजिन? बोअर ६८, स्ट्रोक ७५, सीसी १०८९. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड, तीन आधारांचा क्रँक. मधल्या वर्षांत त्यात सुधारणा झाल्या, कार्ब्युरेटर बदलले, एकाचा पार्ट दुसऱ्याला जसाच्या तसा बसेल असे मी म्हणत नाही. पण वंश तोच. आजोबा एकच, एक नातू संग्रहालयात काचेसारख्या चकचकीत फरशीवर उभा, दुसरा सायन-पनवेल रस्त्यावर पाच माणसे आणि टपावर बिछाने घेऊन चाललेला.

आणखी एक गंमत सांगतो. अल्फा रोमिओ सोडल्यानंतर एन्झो फेरारीने स्वतःची म्हणून जी पहिली गाडी बांधली, ती १९४० सालची ८१५. तेव्हा करारामुळे त्याला स्वतःचे नावही गाडीला देता येत नव्हते. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन कसे केले? ब्लॉक नवा ओतून घेतला आणि त्यावर याच फियाट ५०८ सी ची दोन हेडे एकापुढे एक बसवली. कनेक्टिंग रॉड फियाटचे, व्हॉल्व्हची यंत्रणा फियाटची. थोडक्यात, ज्या नावापुढे जग आज टोपी काढते त्याची सुरुवात जोडाजोडीतून झाली. आमच्याकडे त्या जोडाजोडीला जुगाड म्हणतात आणि म्हणताना ओठ किंचित वाकडा करतात.

इंजिन पुन्हा बांधणे म्हणजे नेमके काय, हे विनोद करणाऱ्यांना ठाऊक नसावे, म्हणून जरा तपशिलात जातो. शाळेला सुट्टी लागली की मी मामूंच्या गॅरेजमध्ये असे, रॉकेलच्या ट्रेमध्ये नटबोल्ट धूत. त्यामुळे पाहिलेले सांगतो.

पहिली गोष्ट, इंजिन थंड असल्याशिवाय हेडला हात लावायचा नाही. अॅल्युमिनियम गरम असताना बोल्ट सैल केले तर हेड वाकते. बोल्ट सैल करायचे बाहेरून आत, कसायचे आतून बाहेर, तेही एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत. हेड निघाले की मामू ब्लॉकमध्ये बोट घालून नखाने सिलिंडरचा वरचा काठ चाचपत. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पिस्टनची रिंग थांबून परत फिरते, तिथे उष्णता जास्त आणि तेल कमी, म्हणून तिथे झीज जास्त. त्याच्याही वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ धातू तसाच राहतो आणि एक बारीक पायरी तयार होते. नख त्या पायरीला अडले की मामू समजायचे, बोरिंगला पाठवावे लागणार. शिवाय पिस्टन बाजूला रेटत असल्याने गोल भोक हळूहळू अंडाकृती होते, ते वेगळेच.

नखावर भागले नाही की मोजमाप. बोअर गेज महाग होता, तो बोरिंगवाल्या पांचाळकाकांकडे. मामूंची रीत अशी, जुनी रिंग सिलिंडरमध्ये वरच्या भागात सरळ बसवायची, तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. मग रिंग खाली ढकलायची, जिथे झीज नाही तिथे पुन्हा फट मोजायची. दोन्हींतला फरक काढून त्याला तीनने भागायचे, “तीन से थोडा ज्यादा”. उत्तर येईल तेवढी झीज. मी बीएडला गेल्यावर केव्हातरी एका रात्री माझ्या डोक्यात उजेड पडला की हा थोडा ज्यादा म्हणजे पाय. परीघातला फरक भागिले पाय म्हणजे व्यासातला फरक. चौथी शिकलेला माणूस पाय वापरत होता, नाव माहीत नसताना.

मग क्रँक. तो ग्राइंडिंगला जायचा, जर्नल गोल आणि गुळगुळीत करून त्या मापाचे जाड शेल घालायचे. पण त्याआधी एक काम बहुतेक जण टाळतात. क्रँकच्या पोटात तेल जाण्याच्या बारीक वाटा असतात, त्यांच्या तोंडांना बुचे मारलेली असतात आणि बुचांमागे वर्षानुवर्षांचा काळा चिखल. बुचे काढायला वेळ जातो, कधी ती तुटतात. मामू काढायचेच. तार घालून, रॉकेल मारून ती वाट स्वच्छ करायची, नवी बुचे ठोकायची. गिऱ्हाइकाला हे दिसत नाही, त्याचे पैसेही मिळत नाहीत. नाही केले तर महिन्याभरात तो चिखल सुटून नव्या बेअरिंगमध्ये येतो आणि सगळे काम मातीत. त्या इटालियन व्हिडिओत एप्रनवाल्या आजोबांनी बूच काढून क्रँकची वाट उजेडात धरली, तेव्हा मी मोबाइल घट्ट धरला. तीच मान, तसाच मिटलेला एक डोळा.

व्हॉल्व्ह बसवायचे म्हणजे पेस्ट लावून, काडी दोन तळव्यांत रवीसारखी फिरवत सीटवर घासायचे, करड्या रंगाची अखंड कडी उमटेपर्यंत. मग हेड उलटे करून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचे आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत थेंब झिरपला नाही तर पास. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा या सीट लवकर खचू लागल्या, कारण वायू कोरडा, पेट्रोलसारखा ओलावा त्यात नाही. कुर्ल्यातल्या मिस्त्रींनी काही महिन्यांत उपाय बसवला, जुनी सीट कापून कठीण धातूची कडी दाबून बसवायची. युरोपात शिशाविना पेट्रोल आल्यावर जुन्या गाड्यांच्या सीटना हाच आजार झाला होता आणि तिथल्या कारागिरांनी हाच उपाय केला. तिकडचा उपाय पुस्तकांत आहे, छायाचित्रांसह, कडीच्या मापासह. इकडचा कुठे आहे? ज्यांनी केला त्यांच्या हातांत होता. त्यातले बरेच हात आता मातीत आहेत.

मी भाषा शिकवतो, म्हणून एक शब्द उलगडतो. मिस्त्री हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला, त्यांचा शब्द मेस्त्रे. कोकणात तो अजून मेस्त्री असा मूळ रूपाजवळ आहे, आडनाव म्हणूनही. मेस्त्रेच्या मागे लॅटिनमधला मागिस्तेर. त्याच मागिस्तेरचा इटालियनमध्ये झाला माएस्त्रो, आणि इंग्रजीत मास्टर, ज्याचा आपण मास्तर केला. म्हणजे मामू मिस्त्री, मी मास्तर आणि व्हिडिओतले ते आजोबा माएस्त्रो, तिघांना एकाच शब्दाने हाक मारली जाते. उस्तादचेही तेच. तबल्यावर बसला तर उस्ताद म्हणताना आपण कानाची पाळी धरतो, गाडीखाली आडवा झाला तर तोच शब्द ‘ए उस्ताद, चल जल्दी’ असा होतो. शब्दाचा यात काही दोष नाही.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मीच मांडतो. सर म्हणतील, टॅक्सीचे इंजिन ठोकून चालू करणे आणि चिसितालियाचे इंजिन पुन्हा घडवणे एकच आहे का? नाही, एकच नाही. मामूंचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी धंद्यावर जायला हवे होते, म्हणून मामू एका ब्लॉकला दुसऱ्या गाडीचा क्रँक आणि तिसऱ्या गाडीचे हेड लावत. सीएसटी रोडच्या भंगारातून जे मिळेल ते. दुर्मिळ गाडीच्या कामात हे पाप आहे. तिथे ब्लॉकवरचा कोरलेला क्रमांक घासला जाऊ नये म्हणून ती बाजू मशिनला लावताना दहा वेळा विचार करतात. बोअर वाढवण्याऐवजी स्लीव्ह घालून मूळ मापावर आणतात, कारण तसा दुसरा ब्लॉक जगात मिळेलच असे नाही. तीन आधारांचा क्रँक वेगात वाकू पाहतो, म्हणून स्पोर्ट्स गाडीसाठी तो पिस्टन आणि रॉडसकट तोलून घेतात, ग्रॅमच्या हिशेबात. मामूंनी रॉड तोलले नाहीत असे नाही, पण वाण्याच्या तराजूवर. हा फरक मला मान्य आहे आणि तो लहान नाही.

पण हा फरक हातांतला नाही, रक्तातला तर मुळीच नाही. मारानेल्लोला फेरारीने २००६ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळा विभाग काढला. त्याची खरी ताकद कशात आहे? कागदात. कारखान्याची मूळ रेखाचित्रे, कोणत्या चासीत कोणत्या क्रमांकाचे इंजिन गेले त्याच्या नोंदी, कधी काय बदलले त्याचे पुरावे. हरवलेला भाग रेखाचित्रावरून पुन्हा ओतता येतो. २०१८ साली एका फेरारी २५० जीटीओची लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विक्री झाली. बारा सिलिंडर, ७३ मिलिमीटर बोअर, ५८.८ मिलिमीटर स्ट्रोक, जिओआक्किनो कोलोंबोच्या मूळ आराखड्यातून वाढलेले इंजिन. त्या किमतीत लोखंडाचा भाव किती आणि नोंदींचा किती, याचा विचार करून पाहा. पुरावा नसलेली तशीच गाडी कोणी त्या भावाने घेणार नाही.

आणि जन्मजात साहेब तिकडेही नव्हते. एन्झो फेरारी पहिल्या महायुद्धात सैन्यात खेचरांना नाल ठोकत होता. खेचराची नाल आणि सायकलचे पंक्चर, माझ्या मते अंतर फारसे नाही. शिक्षण बेताचे होते, बोलोन्या विद्यापीठाने त्याला अभियांत्रिकीची मानद पदवी दिली ती १९६० साली. फेरारीच्या सर्वांत देखण्या बॉड्या घडवणारा सर्जिओ स्काल्येत्ती तेराव्या वर्षी बाप गेल्यावर कामाला लागला, आपल्या भाषेत डेंटिंगच्या दुकानात. पत्रा ठोकत मोठा झाला. २००४ साली फेरारीने एका गाडीला त्याचे नाव दिले. डेंटिंगवाल्याचे नाव गाडीला! आमच्याकडे तेराव्या वर्षी पत्रा ठोकायला लागलेल्या पोराचे नाव त्याच्या मालकालाही नीट माहीत नसते. त्याला छोटू म्हणतात.

मोदेनाच्या समाजाने त्याच्या छोटूंना जे दिले ते आमच्या छोटूंना कोणी दिले नाही, अशी माझी तक्रार आहे, आणि ती फक्त सरांच्या ग्रुपपुरती नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. त्या आठवड्यात किती लेख आले! जुने सिनेमे, पहिले प्रेम, पावसातली काच, टपावरचे सामान. एक गाडी जपून ठेवा अशी मागणीही झाली आणि ती रास्त होती. पण मूळची अठरा-वीस वर्षे न टिकणारी गाडी कोणी टिकवली, दर दोन-तीन वर्षांनी तिचे इंजिन कोणी नव्याने बांधले, ही चौकशी एकाही लेखात मला दिसली नाही. टॅक्सी वारसा झाली आणि तिचा मिस्त्री विनोद. एकाच शहराने एकाच काळात दोन्ही केले.

आता घरचे बोलतो, कारण ते टाळले तर वरचे सगळे बोलणे फुकट. आमच्या समाजात गॅरेजला मुलगा पाठवणे हा निर्णय नसतो, शिक्षा असते. नापास झाला, गॅरेजला लाव. बाप वारला, गॅरेजला लाव. ज्याचे डोके सर्वांत चालते त्याला डॉक्टर करायचे आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात पाना द्यायचा. म्हणजे हाताच्या कामाला खालचे मानण्यात आम्ही सरांच्या मागे नाही. पंक्चरचा विनोद ऐकून आम्हाला राग येतो, पण त्यातले अर्धे म्हणणे आम्ही आधीच कबूल केलेले असते, म्हणून तो जास्त झोंबतो. आणि उस्ताद मंडळींची ती जुनी खोड, हुनर सांगायचा नाही, शागिर्दाने चोरून शिकायचा. दहा वर्षे ट्रे धुवायला लावायचे आणि टायमिंग जुळवताना पाठ फिरवायची. मामूही याला अपवाद नव्हते. मला त्यांनी सांगितले कारण मी गॅरेज काढणार नव्हतो.

माझा स्वतःचा गुन्हाही लिहून ठेवतो. चार वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. उर्दूचा धडा वाचताना घामाने भिजायचा, मराठीची जोडाक्षरे तर त्याला भिंतीसारखी वाटायची. पण रस्त्यावरून रिक्षा गेली की खिडकीकडे न बघता सांगायचा, सर, इसका एक टॅपेट ढिला है. त्याचे वडील भेटायला आले. मी, बीएड झालेला माणूस, ज्याने बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी काढला, त्यांना म्हणालो, “अब्दुलभाई (हे नाव खरे नाही), याचे मन अभ्यासात नाही, कुठे तरी गॅरेजला लावा.” मुलाचे वय तेरा. शिक्षण हक्काचा कायदा चौदापर्यंतचा, चौदाच्या आत कामाला लावायला कायद्याने बंदी. दोन्ही मला पाठ होते, सेवांतर्गत प्रशिक्षणात मीच त्यावर बोललो होतो. वडिलांनी मान डोलावली. मास्तर सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

त्याच वर्षी नंतर गणिताचे सर रजेवर होते आणि मला त्यांचा तास मिळाला. प्रकरण वृत्तचितीचे घनफळ. मला दुसरे काही सुचेना म्हणून मी फळ्यावर लिहिले, बोअर ६८, स्ट्रोक ७५, सिलिंडर चार. त्रिज्या ३४, तिचा वर्ग ११५६, गुणिले ३.१४, गुणिले ७५, गुणिले ४. पोरांनी घनमिलिमीटरचे घनसेंटिमीटर केले आणि उत्तर आले १०८९ ला टेकलेले. मी सांगितले, ही काली-पिली टॅक्सी. वर्ग असा काही उसळला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. ज्याच्यासाठी हा तास व्हायला हवा होता तो मुलगा तेव्हा दीड किलोमीटरवर एका दुचाकीच्या गॅरेजात कार्ब्युरेटर धूत होता.

गेल्या पावसाळ्यात तो भेटला. अंगाने वाढलाय, मिसरूड फुटले आहे. म्हणाला, सर, आयटीआयला मोटार मेकॅनिकची चौकशी केली, दहावी मागतात. दहावी मागणे चुकीचे नाही, तिथे विज्ञान आणि गणित लागते, मापे वाचावी लागतात. पण जो मुलगा चार वर्षे रोज तेच काम करतो त्याच्यासाठी दार बंद, आणि ज्याने आयुष्यात पाना धरला नाही पण दहावी आहे त्याच्यासाठी उघडे. हे दार मी आठवीतच लावून घेतले होते. या वर्षी त्याचा १७ नंबरचा फॉर्म मी स्वतः भरला. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो येतो. जोडाक्षरे अजून भिंतीच आहेत, पण आता आम्ही ‘क्रँक’, ‘व्हॉल्व्ह’, ‘अॅल्युमिनियम’, ‘ग्राइंडिंग’ असे शब्द आधी घेतो. जोडाक्षरांची ददात नाही.

सरांना मी ग्रुपवर काय उत्तर दिले? आधी मोठे लिहिले, मग खोडले. शेवटी चिसितालियाचा व्हिडिओ पुन्हा टाकला आणि खाली दोन ओळी लिहिल्या, हे इंजिन १०८९ सीसीचे आहे, पद्मिनी टॅक्सीचेही १०८९ सीसीचेच होते, आणि मुंबईत ते बांधणारे बरेच जण तुमच्या विनोदातल्या नावांचे होते. दोन निळ्या खुणा आल्या. कोणी काही बोलले नाही. रात्री दहाला कोणीतरी वेतनवाढीचे परिपत्रक टाकले आणि चर्चा तिकडे गेली.

मामू आता शहात्तरचे आहेत. हात थरथरतो, फीलर गेजची पात मोजता येत नाही. मी दोनशे पानी वही घेतली आणि रविवारी त्यांच्याजवळ बसायला लागलो. ते बोलतात, मी उर्दूत टिपतो, घरी येऊन मराठीत उतरवतो. पहिले तीन रविवार त्यांनी काही सांगितलेच नाही, “ये सब लिखने की चीज है क्या?” चौथ्या रविवारी रिंगच्या फटीवरून आमचे भांडण झाले. बोअरच्या दर इंचाला चार थाउ, असे ते म्हणाले. मी ६८ मिलिमीटरचे इंच करून दहा-अकरा थाउ काढले, ते म्हणाले टॅक्सीला मी बारा ठेवायचो, ती दिवसभर तापते. मी कारण विचारले. रिंग तापून फुगते, फट कमी पडली तर टोके एकमेकांवर आदळतात आणि रिंग तुटते, ती तुटली की सिलिंडर ओरबाडला. हे सांगताना ते उठून बसले. त्या दिवसापासून बोलणे थांबत नाही.

आता बासष्ट पाने झाली आहेत. ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन संपले, हेड बसवण्याच्या प्रकरणात आहोत. बोल्ट कोणत्या क्रमाने कसायचे त्याची आकृती मी काढली, ती त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि एक आकडा खोडून दुसरा लिहायला लावला. मी वही मिटली, चप्पल घातली, जिन्यापर्यंत आलो तेव्हा आतून हाक आली.

“सुन, पहली बार गरम करके, ठंडा होने देके, फिर से बोल्ट देखने के. लिखा क्या ये?”

लिहिले नव्हते. परत आत गेलो.